कुठल्या भाषेतलं अनुमान

नौबाद, बिदर
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सुशीलाआत्यास,
मंजूचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर बोलायची सोय राहिली न्हाई, आणि मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुझा नातू बंटी ते अख्ख्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतोय. म्हणून हे पत्र. कागद पाठाच्या टाचणवहीतलाच आहे, डाव्या बाजूला उद्दिष्टे आणि साहित्य असं छापलेलं दिसेल, तिकडं बघू नको.

बी.एड.चा सराव सुरू झालाय. कॉलेजनं मला जी शाळा दिलीय ती कन्नड माध्यमाचं सरकारी हायस्कूल आहे, इथून बसनं तासभर. जागा मिळाली तर नशीब, एरवी उभ्यानंच. आठवीला विज्ञान घ्यायचं आणि त्याच पोरांना कार्यानुभवाचा तास घ्यायचा. शाळेत त्यासाठी एक खोली आहे, तिला सगळे वर्कशॉप म्हणतात. करवती, कानशी, पकडी, दोन सोल्डरिंग गन आणि एक ड्रिल मशीन. ड्रिलला हेडमास्तर रेवणसिद्धप्पा सरांनी कुलूप घातलंय, पोरांची बोटं जातील म्हणून. पोरांनी प्लायवूडचा तुकडा कापायचा, त्यावर बल्बचे होल्डर बसवायचे, तारा सोल्डर करायच्या आणि मग त्याच पाटीवर विजेचे प्रयोग करायचे, असं मी ठरवलंय. टाचणात हे फार छान दिसायलंय. खरं बघायला गेलं तर वर्ग भरून सांडतोय आणि करवती चारच. पोरं कापतात आणि भुसा झाडायला पोरी. मी ओरडले तर पोरीच म्हणाल्या की असू द्या मॅडम, आम्हाला सवय आहे.

संध्याकाळी खोलीवर आले की अंगात त्राण राहत न्हाई. मग उद्याचं टाचण, तक्ते, कॉलेजची डायरी. परवा भात टाकून जरा टेकले तर तिथंच डोळा लागला, जळका वास शेजारणीला आधी आला. अप्पा फोनवर म्हणायलेत, कामून जीव मारून घ्यायलीस, घरी ठाणाकुशनूरला ये, तुरीच्या काढणीला माणसं मिळंनात. कधी कधी वाटतं जावं.

त्यात माझं कन्नड तुला माहीतच आहे, भाजी घेण्यापुरतं. सगळं शिक्षण मराठीत झालं. पण एक युक्ती सापडलीय. शास्त्रातले मोठे शब्द दोन्हीकडं तेच असतात. प्रयोग म्हणजे प्रयोग, शक्ती म्हणजे शक्ती. अडलं की मी मराठी शब्द टाकते आणि शेवट कन्नडचा लावते. आणि तरी गाडी अडली तर पंचशीला आहे. ही पोरगी मागच्या बाकावर बसते, घरी मराठी बोलते आणि शाळेत कन्नड. मी शब्दासाठी चाचपडले की हळूच पुरवते. वर्गात सोल्डरिंग गन न भिता धरणारी ती एकटीच पोरगी. तिनं टाकलेला सांधा बघून मी माझा सांधा झाकला.

तुझे गुडघे कसे आहेत ते लिही. लोभ आहेच, पण थोडा जास्त लागायलाय सध्या.

तुझी,
मंजू


अफजलपूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्रीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बंटी फुगून बसलाय, त्याला वाचायला दिलं न्हाई म्हणून. उद्दिष्टे आणि साहित्य मी आधी वाचलं, नंतर पत्र. सवय जात न्हाई.

इकडं ऊसतोड लागलीय. ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जायलेत, धूळ इतकी की अंथरूण दोनदा झटकावं लागतं. एक बरं आहे, त्यांचा आवाज मला येत न्हाई. गुडघे विचारू नको. सकाळी उठताना ते आधी ठरवतात आणि मग मी उठते. आमचे हे म्हणायलेत की सोलापूरला दाखवून येऊ. मी म्हणाले, बसच्या पायऱ्या चढता आल्या असत्या तर दाखवायची गरजच काय होती.

आता तुझं. नोकरीची माझी सगळी वर्षं कन्नड शाळेत गेली आणि आयुष्यभर मी मराठी बाई म्हणूनच राहिले. तेव्हा थकलीस म्हणून मला नवल वाटलं न्हाई. पहिल्या वर्षी मी पण रोज घरी येऊन चपला न काढताच बसायची. सराव पुरा कर. मग घरी जायचं का शाळेत, ते ठरव. अर्ध्यात सोडून तुरीला गेलीस तर तूर काढताना पण हेच डोक्यात राहील. तुझ्या अप्पाला, उद्धवला म्हणावं, मजूर शोध, पोरगी शोधू नको.

पण तुझी ती युक्ती मला काही पटली न्हाई. सारखा दिसणारा शब्द सारखा असतोच असं न्हाई. मी नवी नवरी म्हणून इथं आले तेव्हा सासूबाईंनी आतून सांगितलं की अंगणात हत्ती पडलीय, आत घे. मी पदर खोचून पळत बाहेर. हत्ती कुठं दिसेना. कापसाच्या ढिगाशेजारी उभी राहून मी रस्त्यापर्यंत बघून आले. कन्नडात कापसाला हत्ती म्हणतात हे मला कुणी सांगितलं होतं. आमचे हे अजून पाहुणा आला की तो किस्सा काढतात. माझा हत्ती निदान कुणाला तुडवून गेला न्हाई. तू वर्गात उभी असतेस, जरा जपून.

त्या पंचशीलाला जवळ धरून ठेव. अशी पोरगी वर्गात एखादीच असते, आणि नावावरून कळायलंय की तिला मागचा बाक कुणी दिला असेल.

जेवत जा. माया आहे ती आहेच, ती काही पत्रावर अवलंबून न्हाई, पण पत्र लिही.

तुझी आत्या,
सुशीला


नौबाद
२९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

हत्तीचा किस्सा वाचून बसमध्ये एकटीच हसायला लागले, कंडक्टर बघायलाय. बरं झालं लिहिलास. या आठवड्यात तेवढंच हसू.

वर्कशॉपमधल्या दोन सोल्डरिंग गनपैकी एक गायब झाली. त्या दिवशी मी कॉलेजच्या मीटिंगला गेले होते. मागं हेडमास्तरांनी वर्गात येऊन पोरांना बरंच झापलं म्हणे, काय बोलले ते मला कुणी नीट सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी गेले तर वर्ग एकदम गप्प. म्हटलं, झापल्यामुळं असेल. मी माझा प्रयोग लावला. पोरांनी बनवलेली पाटी, एकाच तारेत दोन बल्ब एकापाठी एक, बॅटरी जोडली की दोन्ही पेटतात. त्यातला एक फिरवून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. पाटी पेटली तेव्हा मलाच टाळी वाजवावी वाटली. एवढ्या दिवसांच्या मरमरीनंतर काहीतरी पेटलं.

आपल्याकडं प्रयोगाच्या शेवटी असतंय ना, आधी निरीक्षण आणि मग अनुमान, तेच मी केलं. कन्नडात म्हणाले की आता एकेकानं उभं राहून आपापलं अनुमान सांगा. पहिल्या बाकावरचा संगमेश उठला आणि म्हणाला, पंचशीला. मला वाटलं, स्वतःला येत न्हाई म्हणून तिच्यावर ढकलायलाय. दुसरा उठला, तो पण पंचशीला. मग एक पोरगी, तिचं पण तेच. सगळी रांग तेच नाव. आत्या, मला इतकं बरं वाटलं. एरवी तिच्या शेजारी बसायला कुरकुर करणारी ही पोरं, आणि उत्तर तिलाच येणार म्हणून सगळे एका सुरात. मी हसून म्हणाले की मला पण तसंच वाटतं. आणि तिला पुढं बोलावलं.

ती आली. टेबलापाशी उभी राहिली, माझ्याकडं बघत राहिली आणि एक शब्द बोलली न्हाई. एवढी हुशार पोरगी, आणि ऐनवेळी वाचा बसली. तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, उद्या सांग.

उद्या ती आलीच न्हाई. परवा पण न्हाई. अजून आली न्हाई. पोरींना विचारलं तर एकमेकींकडं बघतात आणि म्हणतात ताप असेल. सोल्डरिंग गन मात्र सापडली, हेडमास्तरांच्याच कपाटात. तपासणीला कुणी अधिकारी येणार म्हणून त्यांनीच नीट ठेवली होती आणि विसरले होते. शिपायानं मला आणून दिली. सापडली म्हटल्यावर विषय संपला, वर्गात पुन्हा काढला न्हाई.

जानेवारीत कॉलेजच्या मॅडम माझा पाठ बघायला येणार आहेत. तोच प्रयोग पंचशीलाकडून करून घ्यावा असं मनात आहे. ती तोवर बरी व्हावी. मी मात्र बरी न्हाई, घसा बसलाय, आवाज तुझ्या कानांसारखा झालाय.

चुकलंमाकलं पोटात घाल आणि आठवण काढत जा.

तुझी,
मंजू


अफजलपूर
५ डिसेंबर २०२४

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

बाकी सगळं बाजूला ठेव आणि हे नीट वाच. कन्नडात अनुमान म्हणजे प्रयोगाचा निष्कर्ष न्हाई. कन्नडात अनुमान म्हणजे संशय. बाजारात, घरात, पोलिसात, सगळीकडं हाच अर्थ. नवऱ्याला बायकोचा अनुमान, मालकाला गड्याचा अनुमान. प्रयोगाच्या शेवटी जे येतं त्याला इकडं तीर्मान म्हणतात.

आता तुझंच पत्र या शब्दानं परत वाचून बघ. वस्तू गेलेली. आदल्या दिवशी हेडमास्तर वर्गात येऊन कुणावर अनुमान आहे असं विचारून गेले असणार, मी माझी पेन्शन पैजेवर लावते. दुसऱ्या दिवशी नव्या मॅडम म्हणतात, एकेकानं उभं राहून अनुमान सांगा. पोरांनी सांगितलं. सगळ्यांनी एकच नाव कामून घेतलं ते मी तुला शिकवायला नको, त्यांच्या घरात पण काही गेलं की आधी खालच्या गल्लीचंच नाव घेतात. आणि मग तू, मंजू, तू हसलीस आणि म्हणालीस की मला पण तसंच वाटतं. आणि तिला पुढं उभी केलीस.

तिला ताप न्हाई.

तुला मुद्दाम करायचं नव्हतं हे मला माहीत आहे. तिला माहीत न्हाई. गन सापडली हे तुला कळलं, शिपायाला कळलं, तिला कुणी कळवलं. मला उत्तर लिहीत बसू नको. आधी तिच्या घरी जा.

रागावलेय असं समजू नको. रागावलेय, पण माझीच आहेस म्हणून.

आत्या


नौबाद
१४ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी खोलीच्या दारातच उभ्यानं वाचलं. मग खाली बसले. मला ते सगळं परत दिसायला लागलं, संगमेश उठतो, मी हसते. मी हसत होते, आत्या. हेच मला सहन होईना झालंय.

दुसऱ्या दिवशी आधी हेडमास्तरांकडं गेले. त्यांनी खरंच तसं विचारलं होतं, त्याच शब्दात. ते म्हणाले की अशा गोष्टी होत असतात, पोरं चार दिवसांत विसरतात, तुम्ही वर्गात हा विषय काढू नका, उगी खालच्या गल्लीतून लोक येतील आणि शाळेचं नाव खराब होईल. तुमच्या वागणुकीचे गुण माझ्याकडं आहेत, असं पण म्हणाले. हसतच म्हणाले. चहा पण पाजला.

शाळा सुटल्यावर भीमनगरात गेले. पंचशीलाची आई दारात तूर पाखडत बसली होती. मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि परत सूप हातात घेतलं. मी सगळं सांगितलं, शब्द कसा फिरला, मला काय म्हणायचं होतं, गन कुठं सापडली. तिनं मधे एकदा पण थांबवलं न्हाई. माझं झाल्यावर म्हणाली की आमची पोरगी चोर न्हाई हे मला तुम्ही सांगायची गरज न्हाई, मला ते आधीच माहीत आहे. तुम्ही जिथं म्हणालात तिथं सांगा. मग म्हणाली की तिचा बाप तिला भालकीला मावशीकडं ठेवा म्हणायलाय, तिथं एका टेलरकडं काम आहे. पोरगी रडत न्हाई, बोलत न्हाई, आणि शाळेचं नाव काढलं की उठून आत जाते.

पंचशीला दाराच्या आतच होती. मी निघताना बाहेर आली. नुसतं एवढंच म्हणाली की मॅडम, तुम्ही अनुमान म्हणलात तेव्हा मला मराठीतलं कळलं होतं. मी उत्तर सांगायला तयार होते. मग सगळ्यांनी माझं नाव घेतलं आणि तुम्ही पण तसंच वाटतं म्हणलात. मग तुम्ही कुठल्या भाषेत म्हणलात तेच मला कळंना झालं.

अख्ख्या वर्गात माझा शब्द ज्या एका पोरीला बरोबर कळला होता तिलाच मी उभी केली.

आता मला खरंच वाटायलंय की हे काम आपलं न्हाई. वर्गात बोलले तर हेडमास्तर गुण कापतील, वर्ष वाया जाईल. न बोलले तर ती भालकीला जाईल आणि आयुष्यभर काजं करत बसेल. बोलून पण ती येईलच असं कुठं आहे. आणि बोलायचं ते पण कन्नडात, ज्या कन्नडानं हे सगळं केलं. झोप लागंना. लागली की बस चुकल्याची स्वप्नं पडतात. अप्पांना काही सांगितलं न्हाई, ते लगेच जीप घेऊन येतील.

काय करू ते लिही. रागावूनच लिही, पण लिही.

मंजू


अफजलपूर
२० डिसेंबर २०२४

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. वि. वि.

काय करू म्हणून विचारलंस, पण तुला माहीत आहे. त्या बाईनं सांगितलंच आहे, जिथं म्हणालात तिथं सांगा. मी यापेक्षा शहाणं काही सांगू शकत न्हाई. मला फक्त कन्नड तेवढं येतं, ते देते.

जास्त बोलू नको. भाषा कच्ची असली की माणूस जास्त बोलतो आणि आणखी घोळ करतो. चारच गोष्टी सांगायच्या. गन ऑफिसच्या कपाटात होती. पंचशीलाचा काही संबंध न्हाई. मी अनुमान म्हणाले ते मराठीतलं, मला तीर्मान म्हणायचं होतं. आणि शेवटी तप्पु नन्नदु, म्हणजे चूक माझी. यात दोन न वर जोर दे, नन्नदु, न्हाईतर पोरं हसतील. हसली तरी चालेल. आरशासमोर म्हणून बघ. मी हे लिहिताना मोठ्यानं म्हणून बघितलं, मला ऐकू आलं न्हाई पण बंटी धावत आला, आजीचं काय चुकलं म्हणून.

रडायचं न्हाई. तू रडलीस की सगळा वर्ग तुझीच समजूत काढत बसेल आणि पोरगी राहील बाजूला. रडायचं तर बसमध्ये रड, कंडक्टरला तुझी सवय झालीय.

आणि पोरांना झापू नको. शब्द तू टाकलास. त्यांनी घेतलेलं नाव त्यांच्या घरातून आलंय, ते एका तासात जायचं न्हाई. तुझ्या वाटचं तेवढं तू काढ.

गुणांचं काय व्हायचं ते होईल. हेडमास्तरांनी कापले तर कापले. असल्या हसून बोलणाऱ्या माणसांच्या हाताखाली मी फार वर्षं काढली, गुण कापतात पण त्यापलीकडं त्यांच्यात दम नसतो. ती येईल का न्हाई हे मला सांगता येत न्हाई, मंजू. न आली तर तो भार तुला वाहावा लागेल, मी थोडा उचलीन. पण ती आली न्हाई तरी तिच्यावरचं ते नाव पुसलं गेलंच पाहिजे. भालकीला गेली तरी चोर म्हणून जाऊ नये.

हे काम आपलं न्हाई असं लिहिलंस. तुला झोप लागत न्हाई यावरून तरी मला उलटंच दिसायलंय.

गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. इकडून जेवढी माया पाठवता येते तेवढी या पाकिटात कोंबलीय, उघडताना सांड न्हाई तर भर, तुझी तू बघ.

आत्या


नौबाद
११ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
मंजूचा सा. न., गुडघ्यांना वेगळा. वि. वि.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. हजेरी झाली आणि लगेच सुरू केलं, मागं ठेवलं असतं तर जमलं नसतं. चारच गोष्टी, तू दिल्या त्याच क्रमानं. नन्नदु नीट आलं. कुणी हसलं न्हाई. पोरं नुसती बघत होती, आणि संगमेशनं मान खाली घातली. हेडमास्तर व्हरांड्यातून चालले होते, कपाटाचा उल्लेख आला तेव्हा थांबले, मग पुढं गेले. मी रडले न्हाई. बसमध्ये जागा मिळाली होती, तिथं थोडी.

पंचशीला आली न्हाई. मी रोज हजेरी घेताना तिचं नाव घेत होते आणि रोज गैरहजरीची खूण करत होते. पुन्हा तिच्या घरी जावं वाटायचं, पण म्हटलं, आता ओढायला जाणं बरं न्हाई. तिनं ठरवावं. वर्गातल्या दोघी तिच्या गल्लीकडच्याच आहेत, त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणार एवढीच आशा. हेडमास्तर तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाईत. वागणुकीचे गुण काल लागले. तू म्हणालीस तसंच, कापलेत, पण वर्ष वाचलंय.

काल कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला आल्या. मला आता तो प्रयोगच नको झाला होता, पण टाचण आधीच देऊन बसले होते. आत्या, मी इतकी दमले होते की भीती पण वाटंना. तारा जोडत होते तेवढ्यात दारात सावली पडली. पंचशीला. मागं तिची आई, अंगावर शेतातलंच लुगडं, हातात चप्पल. आई आत आली न्हाई, खिडकीच्या बाहेर उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. पंचशीला आपल्या मागच्या बाकावर जाऊन बसली. त्या बाकावर तोवर पोरींची दप्तरं ठेवलेली असायची. एकीनं तिचं उचललं. दुसरीनं उचललं न्हाई.

पाटी पेटली. एक बल्ब काढला. मी विचारलं, या वेळी कन्नडातच, की तीर्मान काय. एक हात वर आला न्हाई. संगमेशला येत होतं, त्याच्या तोंडावर दिसायलं होतं, पण उठेना. कॉलेजच्या मॅडम लिहायच्या थांबल्या. तुला शांतता काय असते ते ठाऊक आहे, पण तशी शांतता तुझ्या वाट्याला न येवो.

मग पंचशीला उभी राहिली. मराठीत म्हणाली की मॅडम, त्या दिवशीचं माझं अनुमान सांगायचं राहिलंय. आणि तिथूनच सांगितलं, दिवे एकाच तारेत एकापाठी एक लावले असले तर एक काढला की दुसरा पण पेटत न्हाई, दोष दुसऱ्या दिव्यात नसतो, वाटच तुटलेली असते. मग न थांबता तेच सगळं कन्नडात सांगितलं, वर्गाकडं बघून.

आता मी काय म्हणायचं. उत्तर बरोबर आल्यावर शिक्षक जे म्हणतो तेच एक वाक्य तोंडात आलं, आणि जगात तेवढंच एक वाक्य मला नको होतं. ती उभीच होती. टेबलापाशी त्या दिवशी बघत होती तशीच माझ्याकडं बघत होती. खिडकीतून तिची आई पण. मी तेच म्हणाले. आधी कन्नडात, मग मराठीत, तिचं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला पण तसंच वाटतं.

ती खाली बसली.

लोभ असू दे. आता झोपते.

तुझी,
मंजू